उलटा कूलर

बावीस वर्षं झाली, मी या गावाला थंड करून राहिलो.
सक्करदऱ्यापासून मानेवाड्यापर्यंत
ज्या ज्या खिडकीत कूलर घरघरते
त्यातल्या निम्म्यांचा पंप मी आवाजावरून ओळखतो.
मार्चात वाळा बदलायचा, मेमध्ये फोन उचलायचा नाही,
जुलैत टाकीतला गाळ.
डिसेंबरात मले कोणी बोलावत नाही.

म्हणून ढोबळेबाईंचा फोन आला
तेव्हा वाटलं नंबर चुकला.
"बाबाराव, एक डबा पाहिजे. पण गरम."

टेबलावर बुटाचं खोकं, खोक्यात टॉवेल,
टॉवेलात कचोरीएवढं कासव.
आफ्रिकेकडची जात, कागद रीतसर नोंदलेले.
नातू कॅनडाले गेला अन् हे ठेवून गेला,
जसा कोणी चष्मा विसरून जाते.
पारा आठवर होता.
त्यानं मान आत ओढून घेतली होती
अन् बाई दोन दिवसांपासून
त्या बंद दाराशी बोलून राहिल्या होत्या.

गोदामातून मी फायबरची जुनी टाकी काढली,
चार बाय दोन, मोठ्या हॉलच्या कूलरची.
बाई म्हणाल्या, काचेची बरी, दिसेल तरी.
डॉक्टरच्या चिठ्ठीत मात्र ठळक होतं: काच नको.
काचेपलीकडचं दिसलं की ते दिवसभर
तिथंच डोकं आपटत बसते.
मी म्हटलं, बाई, माणसाचंही तसंच असते.
त्या हसल्या नाहीत.

खाली थर्माकोल. वर माती अन् नारळाचा भुसा,
मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाणी गळू नये इतका ओला.
फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा, ही त्याची खोली.
बशीत पाणी, त्याच्या हनुवटीपेक्षा खोल नाही.
एका टोकाला दिवा, पाठीपासून फूटभर वर.
पांढरी नळी वेगळी. तिच्यात उन्हातलं कायतरी असते,
ते नसलं तर पाठ वेडीवाकडी वाढते.
अन् रात्रीसाठी काळा बल्ब,
जो तापते, पण उजेड देत नाही.
बाई म्हणाल्या, "आमचे हे असेच होते."

दोन थर्मामीटर लावले.
दिव्याखाली पस्तीस, माठापाशी सव्वीस.
म्हणजे या टोकाले मे अन् त्या टोकाले फेब्रुवारी,
मधल्या चार फुटांत जिथं पटेल तिथं त्यानं थांबावं.
बाप्पा! आमच्यासाठी अशी सोय कोणी केली नाही.
इथं मे आला की साऱ्या घरभर मे.

ड्रिल चालू असतानाच विचारलं,
"किती जगते हो हे?"
"सत्तर. ऐंशीही."
"अन् तुमचं वय?"
"एकाहत्तर."
मी ड्रिल बंद केलं नाही.
बरं झालं, आवाज होता.

संध्याकाळी त्यानं मान काढली.
जास्वंदीचं एक पान त्याले अकरा मिनिटं पुरलं.
आम्ही दोघं बघत होतो, चहा गार झाला.

रात्री अंथरुणात आठवलं:
पंपाच्या वायरीचं भोक बुजवायचं राहिलं.
सकाळी एम-सील घेऊन गेलो
तर पठ्ठ्या दिवा सोडून
त्याच भोकाले नाक लावून उभा.
"बाहेरचा वास येत असेल त्याले," बाई म्हणाल्या.
"राहू दे का?"
"थंडी शिरते, बाई."
बुजवलं.
थोडा वेळ ते तिथंच उभं राहिलं,
मग वळलं, बऱ्याच वेळात वळलं.

पैसे विचारले. म्हटलं, मार्चात पाहू,
तुमचा कूलर करायले येतोच ना मी.
अजून एक सांगायचं राहिलं.
ही टाकी दीड-दोन वर्षांत अपुरी पडेल,
म्हणून टेप काढून खोलीचं माप घेतलं.
मग दाराचंही घेतलं.
दाराचं काहून,
ते बाईंनी विचारलं नाही.