तिसरा खण

होल्रॉइडसाहेबांनी हॅलिफॅक्सला काय काय दिलं
ते कुणाला विचारावं लागत नाही, वाचता येतं:
इस्पितळात डोळ्यांच्या विभागावर पितळी पाटी,
पोहण्याच्या तलावावर निळी फरशी,
वाचनालयात, जिथे अजून गळतं त्या छपराखाली
संगमरवरात एक ओळ.
बटणांच्या कारखान्याचा पैसा.
अर्ध्या यॉर्कशरचे सदरे मिटले त्यांनी
आणि स्वतःची मूठ उघडी ठेवली, असं म्हणतात.

आज विकायला आलंय
ते त्यांनी दिलं नव्हतं ते.
तीनशे अठरा लॉट.
ही यादी याआधी कुणी केली नव्हती.

मी पोर्टर. हिरवा एप्रन, सुती हातमोजे.
नंबर पुकारला की वस्तू उचलून धरायची,
डावीकडून उजवीकडे फिरवायची,
चेहऱ्यावर काही आणायचं नाही.
पेटिफरसाहेब उभे राहिले की त्यांची जीभ सुटते.
सोळा वर्षं झाली मला इथे, इंग्रजी येतं,
ही बोली मात्र कानामागून जाते.
आपल्याकडे बरंय, भाषा तीही बोली, भाव तोही बोली,
ज्याच्या तोंडी जास्त त्याचं घोडं पुढे.

लॉट एकवीस: समुद्र, तैलरंग, सही पुसट. चार हजार.
लॉट चाळीस: एका बाईची पाठ.
चित्रकार अज्ञात, बाई अज्ञात.
अकरा हजार, फोनवरून.
लॉट सत्तावन्न, भिंतीवरचं घड्याळ, चालू स्थितीत,
एवढं चालू की मध्येच ठोके देऊ लागलं,
आणि बारा होईपर्यंत हातोडा हवेतच.
लोक हसले.

तिसऱ्या रांगेत, कडेला, नोरीन टास्कर.
एकोणचाळीस वर्षं त्या घरात.
कोट काढलेला नाही, मांडीवर पर्स,
बोलीसाठी नंबर घेतलेला नाही.
वस्तू आली की शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगते:
"लिहिण्याचं मेज कसलं, त्यात मोजे असायचे त्यांचे."
"ही बशी मांजराची."
"या खुर्चीवर कुणी टेकलंच नाही कधी,
पाहुणे धाकानं उभेच राहायचे."

लॉट एकशे चौदा.
अक्रोडाचं, पाच खणांचं कपाट, सन सतराशे चाळीसच्या सुमाराचं.
कॅटलॉगात मजकूर माझाच:
किडीची जुनी भोकं, आता कीड नाही.
डाव्या कडेची झिलई तळव्याएवढी उडालेली. दोष.
हे उचलत नाहीत, मी नुसता हात केला.
नोरीननं आपला डावा तळवा उलटून पाहिला.
सव्वीस हजार, डॅलसचा कुणी.
एक वार, दोन वार.
तिसरा वार इथे तोंडानं म्हणत नाहीत.

सगळा पैसा आजारी मुलांच्या शुश्रूषागृहाला.
म्हणजे हेही अखेर देण्यातच जमा;
आणखी एक पाटी लागेल.

हॉल रिकामा झाला, आम्ही खोके जोडत होतो.
नोरीन कपाटापाशी आली, पर्समधून पिवळं फडकं काढलं.
"हात लावू नये" ही पाटी मीच लावली होती.
मी पाठ फिरवली, दोरीचा गुंता सोडवत बसलो,
गुंता नव्हता.

"तिसरा खण," ती फडक्याला म्हणाली की मला, कळलं नाही,
"नुसता ओढायचा नाही.
डावी कड धरायची, जरा वर उचलायचा, मग येतो.
त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.
हाक मारायचे."

फडकं घडी करून तिनं पर्समध्ये ठेवलं,
तीन चोविसची बस आहे म्हणाली.

मी कार्डाच्या मागे सगळं नीट लिहिलं,
डावी कड, जरा वर, मग ओढा.
डॅलसच्या माणसाला कोण सांगणार होतं?
कार्ड आत ठेवलं, खण लावला,
वर कांबळं बांधलं, सील केलं.

संध्याकाळी, चढावर, बसच्या काचेला डोकं टेकल्यावर
ध्यानात आलं:
तिसऱ्याच खणात ठेवलं मी ते.