फ्रीझर क्रमांक तीनचा पंचनामा

खुर्च्या एक्केचाळीस, पैकी दोन लंगड्या.
कॉफीचं यंत्र एक, चालू.
भिंतीवर फेरो बेटांचा नकाशा, किंमत नाही.
विबेके मोजते, मी लिहितो.
कोपनहेगनहून आलीय ती,
बुडालेल्या कंपन्या निस्तरणं हा तिचा पेशा,
आणि समुद्राचा वास तिला सोसत नाही.

क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून असलेल्या या इमारतीत
आधी मासळी गोठवायचे.
मग चालती हृदयं अचानक का थांबतात
हे शोधणारी माणसं आली.
त्यांनी यंत्रं तेवढी बदलली.

फ्रीझर क्रमांक तीन. उणे ऐंशी.
दार उघडलं की गार वाफ आधी पायांवर उतरते.
नळ्या अकरा हजार चारशे साठ.
उत्तरेच्या तीन गावांनी बाह्या सरकवून दिलेलं रक्त,
चर्चच्या सभागृहात, रविवारी,
रूबार्बच्या मुरंब्याचा पाव खाता खाता.
मीही होतो रांगेत. आमचं अख्खं घर होतं.
"एकक काय लिहू? लिटर?"
"नग," ती म्हणाली. "नग लिही."

विजेचं बिल सात महिन्यांचं थकलेलं.
तोडायलाच हवी होती, पण कोर्टाने खास हुकूम काढला:
तापमान राखावे,
वितळल्या मालाला बोली लागत नाही.

मंगळवारी रान्व्हा आली.
जाळी विणून विणून बोटं अर्धवट मिटलेली,
रबरी बुटांतून पाण्याचे ठसे थेट टेबलापर्यंत.
म्हणाली, माझ्या ह्योग्नीची नळी द्या.
नाव सापडली होती त्याची, इंजिन चालू,
गळाला मासा जिवंत.
तो नाही सापडला.
एकोणीस वर्षांचा होता.
दगडावर नाव कोरलंय, खाली एक स्वेटर पुरलाय.
देहाचं म्हणावं असं
एवढंच उरलंय त्याचं, तुमच्याकडे.

विबेकेने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.
मग पान नऊ उघडलं, कलम चार:
नमुन्यावरील सर्व हक्क कंपनीचे, तिच्या वारसांचे
आणि हस्तांतरितींचे.
"वारस म्हटलंय ना? मग मीच की."
"मुलाचे वारस नव्हेत हे, बाई. कंपनीचे."
"कंपनीला पोरं होतात?"
"विकत मिळतात," विबेके म्हणाली,
आणि स्वतःच दचकली.

शिवाय नळीवर नाव नाही.
खाजगीपणाच्या कायद्याने पुसलंय,
तुमच्याच रक्षणासाठी.
ह्योग्नी यातला कोणता, हे आम्हालाही ठाऊक नाही.
"कोणाला ठाऊक आहे?"
एक यादी आहे, क्रमांकासमोर नाव.
ती वेगळी विकायची आहे.
लॉट क्रमांक आठ.

रान्व्हा काही बोलली नाही.
फ्रीझरच्या दाराला तळहात लावून उभी राहिली,
तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
दार मात्र गारठलेलं,
आणि आत ते संथ घरघरणं,
ज्याला आम्ही सगळे सरावलो होतो.

लिलावाच्या दिवशी ती पुढच्या खुर्चीत बसली,
लंगड्या दोनांपैकी एकीत.
बोलीला सुरुवात होताच हात वर केला.
बोली स्क्रीनवर चालली होती,
झुरिकहून, बोस्टनहून, कुठल्याशा विमा कंपनीच्या
संशोधन शाखेकडून.
हात मोजणारा रकाना त्यात नव्हता.
तिने बराच वेळ तो खाली घेतला नाही.
चौदा मिनिटांत सगळं संपलं.

त्या रात्री मूळ यादीत, शेऱ्याच्या रकान्यात,
मी पेनाने लिहिलं:
यात ह्योग्नी आहे. यात मीही आहे.
विबेकेने वाचलं, खोडलं नाही, खाली सही केली.

खरेदीदाराकडे गेलेल्या प्रतीत
शेऱ्याचा रकाना नसतो.

शुक्रवारी जहाज आलं.
कोरड्या बर्फात रचलेल्या पेट्या चढत होत्या,
आणि धक्क्यावरची माणसं, सवयीने,
विचारत होती: कॉड आहे की हेरिंग?