चूल क्रमांक सात

सत्तरीत, नदीपासून दोन हाका वर,
काजूंच्या खाली एक गाव पुरलेलं आहे
हे फक्त फटू गावसच्या गुरांना माहीत असावं.
ती त्या सपाटीवर कधी बसायची नाहीत.
तिथे आम्ही खुंट्या मारल्या, सुतळी ताणली
आणि जमिनीला चौकोन पाडले.

माझं काम रेखाटायचं.
एकास वीस, पेन्सिल चार एच.
दगड दिसला तर दगड, नाही दिसला तर काही नाही.
सरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं :
कागदावर कल्पना सांडू नका,
तिचे डाग निघत नाहीत.

वीतभर पाचोळा, मग तांबडी माती,
मग काळपट, आणि मग अचानक बोटांना गुळगुळीत लागली
सारवलेली जमीन.
सहाशे वर्षं तिच्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता
तरी अर्धगोल तसेच, एकात एक,
घाईत नसलेल्या बाईचे.
ते मला काढता आले नाहीत. चार एचने हात निघत नाही.

घरं अकरा.
विहीर एक, चिऱ्याची, काठावर दोरांनी कापलेल्या खाचा,
करंगळी बसेल अशा, एकीत अंगठाही.
खापऱ्या तीन हजार दोनशे चाळीस.
कदंबांचं नाणं एक,
त्यावरचा सिंह झिजून मांजर झालेला.
जळकं काही नाही. हाड नाही. बाणाचं टोक नाही.
मधोमध पुरुषभर वारूळ होतं,
ते बायकांनी खणू दिलं नाही. "ती आसा," म्हणाल्या,
आणि नकाशात सरांनी तेवढा चौकोन कोरा ठेवला.

अहवालात एक रकाना असतो : गाव उठण्याचं कारण.
सरांनी लिहिलं दुष्काळ, खोडलं.
साथ. खोडलं.
लिहिलं सारा, आणि पेन्सिल कानामागे खोचून
बराच वेळ नदीकडे बघत राहिले.

मग चुली उघड्या पडू लागल्या.
पहिलीत दोन दगड. दुसरीत दोन.
पाचवीत दोन, आणि तिसऱ्याच्या जागी
मातीत एक वाटी, राखेने भरलेली.
अकराच्या अकरा तशाच.
"दोन दगडांवर भांडं कसं बसेल?" सर म्हणाले,
आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखा आला.

घमेलं डोक्यावर घेता घेता, न थांबता,
शेवंती झोरे म्हणाली :
"वाडो सोडटना एक फातर न्हेवंक जाय.
ना जाल्यार नव्या जाग्यार उजो धरना."

म्हणजे ते पळाले नव्हते.
म्हणजे एका रात्री, जेवणं उरकल्यावर,
अकरा जणी दगड निवायची वाट बघत
उंबऱ्यात बसून होत्या.
हे मी कागदावर सांडलेलं नाही.
फक्त तिसऱ्याच्या जागी एक तुटक रेघ काढली.
सरांनी खोडरबर उचललं, मग खाली ठेवलं.

मे सरत आला तशी माती परत लोटायची वेळ झाली.
तळाशी आम्ही चालू सालाचं नाणं टाकतो,
म्हणजे पुढे कुणी खणलंच तर त्याला कळावं
की आपल्याआधी कुणी येऊन गेलंय.
सातव्या चुलीपाशी घमेलं ओतायला वाकले
तर दगड तीन.
तिसरा नदीतला, काळा, अजून कोमट,
अंगावर ऊतू गेलेल्या दुधाचा तपकिरी ओघळ.
आमच्याच चहाच्या चुलीतला.

शेवंती पलीकडे सुतळी गुंडाळत होती.
फटू खिशात नसलेली विडी शोधत होता.
रेखाचित्र तर सरांच्या ट्रंकेत गेलेलं,
त्यात दोनच आहेत.

पुढे कुणी शिकलेलं माणूस इथे गुडघे टेकून
लिहील की एक घर मागे राहिलं होतं.
लिहू दे.
मी माती ओतली, हळू,
दगडावर नाही, जरा बाजूने.