मिरचीची पाटी

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारींमागं
दस्तगीर पेंटरचं दुकान. साडेसहा फूट रुंद,
एक स्टूल, टर्पेंटाइनच्या वासाचा अंधार
आणि डब्यांची उतरंड.
प्रत्येक डब्याला चिठ्ठी: लाल. हिरवा. पोपटी.
मला वाटायचं, माणूस टापटिपीचा.

दहावीच्या सुट्टीत मी तिथं जायला लागलो
(आमच्यात पोरीसुद्धा 'लागलो'च म्हणतात).
पहिला आठवडा ब्रश धुण्यात गेला.
मग त्यांनी एक पत्रा पुढ्यात ठेवला,
त्यावर खडूनं एकच अक्षर.
"काय दिसतंय?"
"ठ."
"आन् त्याच्या पोटात?"
पोटात काहीच नव्हतं.
"ते नीट काढ. भोक जमलं
की अक्षर आपसूक हुबं ऱ्हातं."
दुपारभर मी काहीच-नाही गिरवत बसलो.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याची पाटी आली.
मल्लाप्पा गवळ्याला त्यात सगळं पाहिजे:
आजोबांचं नाव, दोन फोन, अंबाबाई,
थोरल्याचा फोटो, दोन म्हशी, एक रेडकू.
दस्तगीर म्हणाले, "रस्त्यापलीकडं जावा
आन् ह्ये समदं एका दमात वरडून सांगा."
दुसऱ्या म्हशीपाशी मल्लाप्पाचा दम संपला.
पाटीवर एक म्हैस राहिली, एक पेला,
बाकी पांढरं.
तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं,
ते पांढरंच दूध होतं.

ठिपक्यांचं त्यांनी फरशीवर दाखवलं.
लांब ठेवले तर तीन अनोळखी,
जवळ आणले तर भाऊ,
अजून जवळ आणले तर भाऊबंदकी.
"म्हून दोन ओळींत बोटभर वारा सोड."

मे महिन्याच्या शेवटी संकेश्वरी मिरचीची पाटी
मी एकटीनं रंगवली.
हिरव्यागार पत्र्यावर लालभडक मिरच्या, वाकड्या, देठासकट,
बघूनच ठसका लागावा अशा.
हाक मारली.
ते आले, बराच वेळ उभे राहिले.
"पत्रा झ्याक लावलायस.
मिरच्या कवा काढणार?"

मी हसलो.
ते हसले नाहीत.
चष्मा पुसला, परत घातला,
एक बोट हळूच पत्र्यावर टेकवलं,
बोटाला ओलं लागलं.
"हाय," म्हणाले. "हाय की."

मग मी डब्यांकडं बघितलं.
चिठ्ठ्यांकडं.
आणि प्रत्येक पाटी आधी कोळशानं काढायची
ही त्यांची सक्ती, डोळे बारीक करून बघ
हा धोशा, काळ्याजवळ पांढरं,
जाडाजवळ बारीक,
तीस वर्षांची सगळी लक्ष्मीपुरी.

तिन्हीसांजेला रंग उठून जातात,
लाल तर सगळ्यात आधी काळा पडतो.
त्या अर्ध्या तासात अख्खं कोल्हापूर
दस्तगीरच्या डोळ्यांनी बघतं
आणि त्यांच्या पाट्या तेवढ्या वाचता येतात.
नव्या फ्लेक्सवरची माणसं
तोवर विरघळलेली असतात.

मिरच्यांना मी पांढरी कड दिली,
केसाएवढी. त्यांनी बघितलं, मान हलवली,
चहा सांगितला. विषय निघाला नाही.

चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांचं नव्हतं.
बारीक, उजवीकडं झुकलेलं, बायकी.
कुणाचं ते मी विचारलं नाही.
शेवटच्या दिवशी 'पोपटी'वर टर्पेंटाइन सांडलं,
शाई पसरून गेली.
त्यांनी काही न बोलता
कोरा कागद माझ्याकडं सरकवला.
मी लिहिलं,
आधी पोकळ्या,
मग प, मग ट.