पाणी थारेपर्यंत

शुक्रवारी दुपारी मसुऱ्याच्या खालच्या अंगाला
गड नदीच्या धक्क्यावर मी उतरले
ती कामासाठीच. हे आधी सांगायला हवं.
पिशवीत सहा बॅटऱ्या, एक बारीक ब्रश,
आणि नोंदवहीत नाव : भालचंद्र तारी, वय एकाहत्तर,
दोन्ही कान. यंत्र दिल्याला आठ महिने.
त्यानंतर फिरकले नाहीत.

आठवडाभर मी कुडाळला
एका बंद खोलीच्या काचेशी बसते,
आतल्या माणसाला बारीक पिंक पिंक ऐकवते,
म्हणते, ऐकू आलं की बोट वर करा.
माणसं करतात.
कधी आवाज नसतानाही करतात,
नापास होऊ नये म्हणून.
रात्री उशीला डोकं टेकलं की
माझ्याच कानात पिंक पिंक सुरू होतं
आणि चादरीखाली माझं बोट
जरासं उचललं जातं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

तारी होडीतच होते. नुसते बसलेले.
कान मोकळे.
ओठ नीट हलवत मी विचारलं, यंत्र कुठाय?
त्यांनी तपकिरीची डबी वाजवून दाखवली.
"ता लायलंय काय नदी तळल्यासारी आयकाक येता.
कढयेत पापड सोडल्यासारी."
मी हसले. मग वहीत काय लिहावं ते सुचेना.

पलीकडे जुव्यावर अजून एक नाव होतं.
नेता का, म्हटलं.
त्यांनी हात पाण्यात मनगटापर्यंत बुडवला,
जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो,
आणि म्हणाले, "वायच बस. पाणी थारांदे."

बसले जांभ्याच्या पायरीवर.
पायरी ओली होती. साडी भिजली. भिजू दे.

सुकती सरत आली होती.
चिप्पीच्या झाडाभोवती चिखलातून
मुळं वर आलेली, टोकदार, बोटभर लांब,
शेकड्यांनी,
शेकडो बोटं वर
आणि कुणी काही विचारलेलं नाही.
त्यांच्यामधून निवटे टुणकन उडत होते,
एकमेकांवर डोळे वटारून परत चिखलात.
एक ढोकरी इतकी गप्प उभी
की ती उडाली तेव्हाच
ती होती हे मला कळलं.

पाण्यावरून एक झावळी समुद्राकडे निघाली होती.
मी तिच्याकडे पाहत राहिले, दुसरं काही नव्हतं म्हणून.
आधी चालीनं गेली,
मग रेंगाळली,
मग समोरच्या माडाच्या सावलीत
अडकल्यासारखी थांबली. कशातच अडकली नव्हती.
नदीच थांबली होती.
ना इकडे, ना तिकडे.

किती वेळ गेला, नाही मोजला.
पिंक पिंक बंद झालं असं म्हणणार नाही.
होतं. पण दूर,
शेजारच्या वाडीत कुणाचातरी फोन वाजावा
आणि तो आपला नसावा, तसं.
बोट मांडीवर पडून होतं,
त्याच्यावर एक लाल मुंगी चढली, उतरली.

मग झावळीचं टोक हललं.
सावकाश फिरली,
आणि आली त्याच वाटेनं
वर निघाली, घरी काही विसरल्यासारखी.

"चल गो," तारी म्हणाले.
त्यांची पाठ होती पाण्याकडे.
कसं कळलं ते मी विचारलं नाही,
विचारलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

मध्यावर आल्यावर
डबीत यंत्र बारीक शीळ घालू लागलं.
चालूच राहिलेलं, बंद जागेत कोंडलं की घालतात तशी.
फळीखाली, तपकिरीच्या वासात,
एकटंच.
त्यांना पत्ता नाही. काठी रोवत होते, उपसत होते.
झाकण उघडून बॅटरी काढायची,
दोन सेकंदांचं काम.

मी हात पाण्यात सोडला.
वर ऊबदार होतं, खाली गार.
शीळ वाजत राहिली जुव्यापर्यंत.