बेपत्ता

ग्रिम्सबी नगरपालिका, दुसरा मजला.
खिडकीच्या फटीतून गोदीकडचा वारा,
आणि माझ्या पडद्यावर तक्रार क्रमांक चारशे बारा:
डोरीन ओ'हेगन, वय शहात्तर,
वडिलांचं नाव शोधलं की पान पांढरं पडतं.
ट्रेव्हरनं असंच लिहिलंय. पांढरं पडतं.
माणूस पडतो तसं.

पहिलं कारण लाज वाटावी इतकं सोपं.
ओ आणि हेगन यांच्या मधली ती रेघ,
कापलेल्या नखाएवढी.
क्वेरीला वाटायचं, वाक्य इथंच मिटलं.
पुढचा हेगन उघड्यावर,
ना नाव, ना आज्ञा.
पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी नावं थेट वाक्यात चिकटवलेली,
पतंगाला खळ लावून कागद चिकटवावा तशी.
मी ती सोडवली.
वाक्य आधी बांधायचं, माणूस मागून येऊ द्यायचा.
(आमच्या लिपीतही आहे म्हणा एक अवग्रह,
गिळलेल्या अ-ची खूण.
त्यानं आजवर कुणाचं काही मोडलेलं नाही.)

पान आता पांढरं पडेना.
पण म्हणू लागलं: शून्य नोंदी.

मग जुन्या फायलींत उतरले.
एकच चिन्ह, किती तऱ्हांनी:
सरळ, वाकडं, उलटं,
एका ठिकाणी चक्क स्वल्पविराम,
आणि एका ठिकाणी टोपीवाला ए, त्याच्यामागं युरो.
एकोणीसशे पंचावन्नात गेलेल्या माणसाच्या नावात
युरो!
मी एकटीच हसले. मग नावामागची मोकळी जागा छाटली,
दिसत नाही ती, पण शोधाला अडते.
कुणी टायपिस्ट तेवढ्यात चहाला उठली असेल.

तरी डर्मट ओ'हेगन येईना.

होता तो. मृतांच्या टेबलात होता.
मार्च, ट्रॉलर, आइसलंडच्या वरचं पाणी, वय एकतीस.
पण शोध मृतांना थडग्यांशी जोडून पाहायचा,
आणि जोड अशी की दोन्हीकडे असेल तोच दिसेल.
थडगं नाही, तर माणूस नाही.
इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही,
मलाही नाही. मी इथं सहा वर्षं आहे.

एक शब्द बदलला.
डावीकडचे सगळे येऊ देत,
उजवीकडे काही असो नसो.
एंटर दाबलं.
दोनशे सतरा जण आले.
एकदम, वर्णानुक्रमे.

आणि शेवटच्या रकान्यात, दफनाची जागा,
प्रत्येकापुढं बारीक अक्षरांत: नल.
नल म्हणजे शून्य नव्हे,
दर वर्षी नव्या पोरांना सांगते मी,
रिकामंही नव्हे. ते कशाच्याच बरोबर नसतं,
दुसऱ्या नलच्याही नाही.
सांगताना कधी असं डोळ्यांपुढं आलं नव्हतं:
दोनशे सतरा जण एकाच पाण्यात,
आणि कुणी कुणाच्या बरोबर नाही.

ट्रेव्हर म्हणाला, तिथं 'लागू नाही' टाक.
माझ्या हातून ते टाइप होईना.
मराठीत शब्द तयार आहे, बेपत्ता,
ज्याला पत्ता नाही तो.
पण आमच्याकडं बेपत्ताची वाट बघतात अजून,
पोलीस चौकीच्या फळ्यावर त्याचा शर्टसुद्धा लिहिलेला असतो,
चौकडीचा, निळा.
सत्तर वर्षांनी कोण बघणार.

गुरुवारी बाई स्वतःच आल्या. रेनकोट, हातात रिकामी पिशवी.
पडदा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.
बोट लावलं नावावर, त्या रेघेवरच नेमकं.
मी विचारलं, या रकान्यात काय लिहू?
म्हणाल्या, तुम्ही नका लिहू. छापून द्या, मी पेननं लिहीन.

दारापर्यंत गेल्या, परत वळल्या:
हा रकाना जरा रुंद होईल का?

मी चाळीस अक्षरं रुंद केला.
मग आणखी वीस.