टोपीसकट

आमच्या गावात सगळ्यांच्या आधी जागा होतो
तो वजनकाटा.
पहाटे चारला पहिला ट्रक चढतो त्याच्यावर
डोंगराच्या पोटातलं जस्त घेऊन,
आणि माझे वडील, हातमोज्यांवर हातमोजे चढवून,
वहीत लिहायचे:
भरलेला इतका, रिकामा इतका,
उरलं ते कंपनीचं.

मीही वजनच लिहिते.
त्यांचं टनात होतं, माझं ग्रॅममध्ये.
दवाखाना खाणीच्या रस्त्याला लागून;
ट्रक गेला की खिडकीची काच वाजते,
काट्याचा काटा थरथरतो,
झोळीतलं बाळ क्षणभर
जड होतं, हलकं होतं, जड होतं.
आम्ही थांबतो.
धूळ बसली की आकडा वाचायचा.

बासिलिया चोके आली तेव्हा सातवा लागला होता.
म्हणाली, मीठ कितीही घाला, रश्शाला चव म्हणून नाही.
डोहाळे कसले, विचारलं,
तर पदराआड हसावं तशी शालीआड हसली:
माती.
आता आमच्या पठारावर माती खाल्ली म्हणून
कुणी कुणाला हसत नाही.
उकडलेले बटाटे पांढऱ्या मातीच्या कालवणात
बुडवूनच खातो आम्ही, पोटाला बरं म्हणून.
ही मात्र नुसतं कालवण चाटत होती.
बटाटे थोरल्या दोघांना.

रक्त राजधानीला गेलं.
तीन आठवड्यांनी कागद आला:
लोह कमी. तांबं ठीक. जस्त कमी.

जस्त कमी.
मी पुन्हा वाचलं.
तिचा नवरा सेवेरो, गालात कोकाची पानं दाबून,
जस्ताच्याच शिरेला सुरुंग लावतो दिवसभर.
ते त्याच्या भुवयांत असतं, बनियनच्या शिवणीत असतं.
बंदरात जहाजं भरतात त्याची,
कुठल्या कुठल्या देशांतल्या पत्र्यांना
गंज चढू नये म्हणून.
आणि हिला हवं होतं दिवसाकाठी
गुंजेच्या दहाव्या हिश्शाएवढं.

डॉक्टर इनोहोसा खालच्या सपाटीचे,
अजून दोन पायऱ्या चढले की धापा टाकतात.
त्यांना विचारलं, जस्त कमी म्हणजे बाळ हलकं?
काही ठिकाणी मोजलं तर तसं दिसतं, म्हणाले,
काही ठिकाणी नाही दिसत.
इथे तर हवाच विरळ.
मांस सणासुदीला.
जेवणावर लगेच काळा चहा.
एकट्या जस्तावर खटला कसा भरायचा?
आणि गोळ्या लिहून दिल्या.

घेतल्यास का? मी पुढच्या महिन्यात.
अर्ध्या घेतल्या.
आणि अर्ध्या?
सासूला. तिचीही जीभ मेलीय.

ओरडणार होते मी.
राहिलं ते.

ऑगस्टच्या गोठणाऱ्या रात्री मुलगी झाली.
मुठी मिटलेल्या, कपाळावर आठी,
डोक्यावर सेवेरोने विणलेली टोपी.
(आमच्याकडे टोप्या पुरुष विणतात;
ह्याने सुटीच्या तीन रविवारी विणली,
एक टाका चुकलाय, लाल पट्ट्यात.)
काट्यावर दोन हजार पाचशे दहा.
किती? पलंगावरून बासिलिया.
अडीच किलोची रेघ तिला पाठ आहे,
नऊ महिने तीच रेघ समोरच्या भिंतीवर.

वडील म्हणायचे, ताडपत्रीचं वजन वजा कर,
चाकांना लागलेल्या चिखलाचंही कर.
काट्याला नातीगोती नसतात.

टोपी काढली.
दोन हजार चारशे सत्तर.
वहीत तेच लिहिलं, शाईने, तारखेसकट.
तिच्यासाठी आठवड्याला एक फेरी ठरवली.

बाहेर ट्रक चालला होता, काच वाजत होती.
मी टोपी परत घातली, दोन्ही कानांवरून ओढली,
आणि ट्रकच्या वरताण आवाज काढून
आईला सांगितलं:
दोन हजार पाचशे दहा.